शालेय क्रिकेटमधली वयोमर्यादा : कोणता गट, कोणती तारीख, कोणते कागद?

गिरगाव, परळ, लालबाग, दादर. इथल्या मुलांसाठी आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्क ही क्रिकेटची पहिली शाळा. मात्र संघात नाव लागण्याआधी बॅट नाही, जन्माचा दाखला पाहिला जातो. पालकांनी हे नियम आधीच समजून घेतलेले बरे.

गट कोणते?
मुंबईतल्या शालेय क्रिकेटच्या दोन जुन्या स्पर्धा म्हणजे १४ वर्षांखालील गाइल्स शील्ड आणि १६ वर्षांखालील हॅरिस शील्ड. मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन त्या भरवते. दादरच्या शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी १९८८ मध्ये केलेली ६६४ धावांची नाबाद भागीदारी हॅरिस शील्डमधलीच.

वय कोणत्या दिवशी मोजतात?
सामन्याच्या दिवशी नाही, तर नियमात ठरवलेल्या तारखेला. बीसीसीआयच्या १९ वर्षांखालील गटासाठी ती १ सप्टेंबर असते. ३१ ऑगस्टला आणि १ सप्टेंबरला जन्मलेली मुलं एका दिवसाच्या फरकाने वेगळ्या हंगामात जातात. शालेय स्पर्धेची तारीख शाळेच्या क्रीडा शिक्षकांना विचारून घ्या.

मर्यादा कशासाठी?
वरची मर्यादा बरोबरीसाठी, खालची मुलांच्या जपणुकीसाठी. फिगर स्केटिंगमध्ये दोन्ही दिसतात. तिथे १ जुलैला १३ वर्षं पूर्ण असलेलाच ज्युनियर गटात उतरतो. एकेरीत १९ च्या आतच खेळता येतं, तर जोडी आणि आइस डान्समध्ये वरची मर्यादा आणखी पुढे आहे. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १५ वर्षांच्या कामिला वालिएवाचं उत्तेजक प्रकरण गाजलं. त्याच वर्षी सीनियर गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ करायचं ठरलं.

हाडांची चाचणी
बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांसाठी टीडब्ल्यू-३ पद्धत वापरते. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ पाहिली जाते. पण हाडाचं वय म्हणजे जन्मतारीख नव्हे. एकाच वयाच्या दोन मुलांची वाढ कमी-जास्त असू शकते. २००९ मध्ये १२ व्या वर्षी हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा करणाऱ्या सर्फराज खानच्या वयावर २०११ मध्ये शंका घेतली गेली. एका चाचणीत वय जास्त आलं, नंतरच्या अधिक बारकाईच्या चाचणीत तो खरा ठरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला त्याने कसोटी पदार्पण केलं.

वय कमी दाखवलं तर?
बीसीसीआयने २०२० मध्ये खरं वय स्वतःहून सांगणाऱ्यांना माफी देऊ केली. लपवून सापडल्यास दोन वर्षांची बंदी, आणि बंदीनंतरही वयोगटाच्या स्पर्धांना मज्जाव. एक हंगाम जास्त मिळावा म्हणून 'एक वर्ष कमी करून टाका' असं कुणी सुचवलं, तर साफ नकार द्या. खोटं मोठ्यांचं असतं, शिक्षा मुलाला होते.

कागद आजच तपासा
• जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.
• दाखल्यावर बाळाचं नाव नसेल तर नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत ते घालता येतं. पहिल्या वर्षानंतर विलंब शुल्क पडतं.
• आपल्याकडची नेहमीची अडचण : 'मोहम्मद'चं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं, 'शेख' कुठे आधी तर कुठे शेवटी. जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार यांवर नाव आणि तारीख एकसारखी करून घ्या.
• दुरुस्तीसाठी जिथे जन्म नोंदला त्या पालिका वॉर्डात जा : गिरगावसाठी डी, परळ-लालबागसाठी एफ दक्षिण, दादर पश्चिमेसाठी जी उत्तर.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा ही कामं सुट्टीतच उरकून टाका. कागद खरे आणि एकसारखे असतील, तर कुणी शंका घेतली तरी मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.