जाळ्यातला पुरावा

पनवेलची खाडी ओहोटीला ठाण्याच्या खाडीत रिती होते, तिथून मुंबई बंदरात आणि पुढं खुल्या अरबी समुद्रात. पनवेलच्या खांदा कॉलनीत राहणाऱ्या माणसाला समुद्र म्हणजे अलिबागची सहल, नाहीतर बाजारातली सुरमई. जगातला सर्वांत मोठा प्राणी ब्ल्यू व्हेल हा देवमासा आणि सर्वांत मोठा मासा व्हेल शार्क, दोघंही याच समुद्रात वावरतात, हे सहसा ध्यानात येत नाही. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळलं ते कशावरून कळलं, हे इथं तपासायचं आहे. संवर्धनाचे उपाय त्याच पुराव्यावर उभे राहतात, म्हणून आधी पुरावा पारखून घेतला पाहिजे.

प्रथम नावांचा गुंता सोडवू. देवमाशाच्या नावात मासा आहे, पण तो सस्तन आहे: फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, शेपटी वरखाली हलवत पोहतो. व्हेल शार्कच्या नावात व्हेल आहे, पण तो मुशीच्या कुळातला मासा आहे: त्याला कल्ले आहेत, सांगाडा कूर्चेचा आहे आणि शेपटी डावी-उजवीकडे हलते. ब्ल्यू व्हेल आणि व्हेल शार्क यांचं साम्य आहे ते खाण्यात. देह अवाढव्य आणि अन्न मात्र जवळ्यासारखं बारीक, पाण्यातून गाळून घेतलेलं.

देवमाशांबद्दलचा आपला जुना पुरावा म्हणजे किनाऱ्याला लागलेली शरीरं. जून 2015 मध्ये रेवदंड्याला 42 फुटी ब्ल्यू व्हेल जिवंत लागला आणि दगावला. पूर्ण वाढलेला ब्ल्यू व्हेल 70 फुटांच्या पुढं जातो, म्हणजे हे पिल्लूच होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला पुन्हा एक पिल्लूच लागलं. लोकांनी त्याला ओढून समुद्रात नेलं, पण ते वाचलं नाही. अशा वेळी ‘पाण्यात ढकललं की झालं’ असं वाटतं. पण पाण्यानं तोललेलं शरीर वाळूवर आलं की स्वतःच्याच वजनाखाली चिरडू लागतं. स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं निकामी होतात आणि जाड चरबीमुळं अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पिल्लू समुद्रात परत गेलं तरी ही इजा त्याच्यासोबत जाते.

हा पुरावा मोलाचा खरा, पण एकांगी. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्याकडं वाहतो आणि मेलेलं जनावर वाळूवर आणून टाकतो. इतर ऋतूंत मेलेलं खोल पाण्यात बुडूनही जाईल. त्यामुळं किनाऱ्यावरची मोजणी देवमाशांइतकीच वाऱ्याचीही असते. म्हणूनच 2015 मधली सिंधुदुर्गातली नोंद मला अधिक वजनदार वाटते. त्या वर्षी कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना तिथल्या समुद्रात ब्ल्यू व्हेल जिवंत दिसले. इकडं रेवदंड्याचं मेलेलं पिल्लू, तिकडं जिवंत प्राणी. दोन्ही पुरावे जोडून पाहिले, की हे पाणी त्यांच्या वहिवाटीचं आहे असं मानायला जागा मिळते.

अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांची गोष्ट याहून विलक्षण आहे. इतर हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडं चरायला जातात आणि विण्यासाठी उष्ण पाण्यात येतात. इथले जात नाहीत. याचा सज्जड पुरावा शिकारीतून मिळाला. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात 242 हंपबॅक बेकायदा मारले आणि ही कत्तल दडवून ठेवली. तीन दशकांनी नोंदी बाहेर आल्या तेव्हा कळलं, की त्या प्राण्यांच्या पोटात इथलंच खाद्य होतं आणि माद्यांच्या पोटातल्या गर्भांची वाढ उत्तर गोलार्धाच्या ऋतूंशी जुळत होती. पुढं जनुकीय अभ्यासानं हा कळप सुमारे 70,000 वर्षं वेगळा पडल्याचं दाखवलं. ओमानजवळ त्यातले शंभराहून कमी उरलेत. 2017 च्या अखेरीस तिथल्या एका मादीवर उपग्रह-खूण लावली होती. तिचं नाव लुबान, म्हणजे अरबीत लोबान. ती समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली आणि परतली. एवढ्या लहान कळपाला एकाच देशाचं संरक्षण कसं पुरेल?

व्हेल शार्कच्या बाबतीत पुरावा येतो तो जाळ्यातून. गुजरातच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी त्याची सर्रास शिकार चाले. 28 मे 2001 रोजी तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आला. हा मान मिळालेला तो भारतातला पहिला मासा. कायद्याची गरज वयावरून कळते. पाकिस्तानच्या किनाऱ्याला लागलेल्या एका मादीच्या मणक्यातली वर्तुळं अणुचाचण्यांतून पसरलेल्या कार्बनच्या आधारे मोजली, तेव्हा तिचं वय 50 भरलं. इतक्या संथ वाढणाऱ्या प्राण्याची तूट दोन-चार हंगामांत भरून येत नाही.

महाराष्ट्रात डिसेंबर 2018 पासून संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत द्यावी लागते. मला ही योजना दयेपेक्षा संशोधनासाठी अधिक महत्त्वाची वाटते. व्हेल शार्क सोडवतानाची अशी एखादी चित्रफीत नीट पाहावी: तांडेल ओरडतोय, खलाशी सुरीनं दोर कापतोय, जाळ्याखाली राखाडी पाठ आणि तिच्यावर पांढरे ठिपके. त्या ठिपक्यांची रचना प्रत्येक माशात वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. आकाशाच्या छायाचित्रांत ताऱ्यांच्या रचना जुळवण्यासाठी केलेली गणिती रीत वापरून 2005 मध्ये संशोधकांनी हे ठिपके जुळवून दाखवले. म्हणजे डहाणूला सुटलेला मासा पुढं वेरावळला दिसला, तर तो तोच आहे हे सांगता येईल. पण त्यासाठी कल्ल्यांमागची कूस चित्रात यायला हवी. घाईत काढलेल्या चित्रफितीत पाठ आणि शेपूट येते, कूस राहून जाते. भरपाईच्या अर्जात एक ओळ वाढवावी: दोर कापण्याआधी, पाचव्या कल्ल्याच्या मागची डावी बाजू, एकदा.