भुकेची रेघ

दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला वर्तमानपत्रांत एक यादी छापून येते. जागतिक भूक निर्देशांकाची. २०२१ साली त्या यादीतल्या ११६ देशांत भारत १०१ वा होता, २०२३ साली १२५ देशांत १११ वा. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश हे शेजारी आपल्या वर. मग आठ-पंधरा दिवस गदारोळ होतो. विरोधक यादी फडकवतात, आणि केंद्र सरकारने या दोन्ही वर्षी सांगितलं तसं उत्तर मिळतं, की मोजण्याची पद्धतच सदोष आहे. चहाच्या टपरीवर प्रश्न याहून सरळ असतो. धान्याची कोठारं भरलेली असताना आपण उपाशी कसे? आणि परदेशात बसून याद्या करणाऱ्यांना आपल्या ताटातलं काय कळतं?

हा दुसरा प्रश्न गमतीचा आहे. या निर्देशांकाच्या चार कसोट्या आहेत. तीन मुलांच्या: उंची खुंटणं, वजन उंचीच्या मानाने कमी असणं, आणि पाच वर्षांच्या आतले मृत्यू. चौथी कसोटी म्हणजे लोकसंख्येत अर्धपोटी माणसं किती. ही चौथी संख्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेकडून, म्हणजे रोमहून येते. आणि ती काढण्याच्या गणिताचा पाया ज्यांनी घातला ते गृहस्थ सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, बुध गावचे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. तेव्हा पद्धत परकी आहे, एवढं तरी म्हणायची सोय नाही.

सुखात्म्यांकडे वळण्याआधी थोडं मागं जाऊ, कारण किती अन्नावर माणूस जगतो हा वाद आपल्या दख्खनच्या मातीत फार जुना आहे. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ. सरकारच्या तिजोरीची काळजी वाहायला सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात धाडलं गेलं. १८७७ च्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं, की दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा किलो धान्य मिळेल एवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे पुरेत. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं टाकून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तर आहारशास्त्राचा दाखला देऊन टेंपलसाहेबांशी जाहीर वाद घातला. माणसाला लागतं किती, याचं उत्तर वैद्यकाने द्यायचं की खजिनदाराने, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढं आहे.

त्याच दशकात दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानचं दरडोई वार्षिक उत्पन्न काढलं. ते भरलं सुमारे २० रुपये. हे थोडं की फार, हे ठरवायला त्यांनी माप कोणतं घेतलं? तुरुंगातला कैदी. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला सुमारे ३४ रुपये खर्च करत होतं. सामान्य रयतेच्या वाट्याला कैद्याइतकंही येत नाही, हे दादाभाईंनी सरकारच्याच आकड्यांनी सरकारला दाखवलं. दारिद्र्याची रेघ ही कल्पना आपल्याकडे अशी तुरुंगाच्या कोठीघरातून आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच रेघ साऱ्या जगासाठी ओढायची वेळ आली. अन्न व शेती संघटना १९४५ साली स्थापन झाली. तिचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर म्हणू लागले, की जगातली दोन तृतीयांश माणसं कुपोषित आयुष्य कंठतात. या वाक्याने जग हललं, पण त्यामागचा हिशेब कच्चा होता. सुखात्मे १९५१ मध्ये या संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले, तेव्हा हा कच्चा हिशेब त्यांच्या पुढ्यात आला.

माणूस हिशेबाला पक्का. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी, लंडनला डॉक्टरेट, आणि मग दिल्लीत शेतीसंशोधनात पीक-कापणीचे प्रयोग. त्यांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शेतात किती पिकलं हे अजमावायला एक छोटा तुकडा आखून तेवढंच पीक कापतात. सुखात्म्यांनी दाखवलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे. आखलेल्या रेघेवर जी रोपं येतात ती कापणारा हटकून आत धरतो, आणि लहान तुकड्यात आतल्या पिकाच्या मानाने रेघेवरची रोपंच जास्त. या प्रश्नावर त्यांनी खुद्द महालनोबिसांशी वाद घातला. रेघेवरचं आत धरायचं की बाहेर, या प्रश्नाने पुढं त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही.

भुकेचा हिशेब असा. देशात पिकलेलं अन्न घ्यायचं, आयात मिळवायची. निर्यात, बियाणं, जनावरांचा दाणा आणि नासाडी वजा करायची. उरलं त्याला लोकसंख्येने भागलं की माणशी रोजचे उष्मांक, म्हणजे कॅलरी, मिळतात. पण सरासरी फसवी. डिसेंबर २०१७ मध्ये मुळशी तालुक्यातल्या भूगावात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. त्या आठवड्यात गावातल्या अन्नाची सरासरी कुणी काढली असती तर भूगाव जगातलं सर्वांत खातंपितं गाव ठरलं असतं, आणि त्यात मैदानाबाहेर फुगे विकणाऱ्याच्या पोटाचा पत्ताही लागला नसता. म्हणून घराघरांच्या पाहण्यांवरून अन्न माणसांत कसं विभागलंय हे पाहावं लागतं. मग एक रेघ ओढायची आणि तिच्या खाली किती माणसं ते मोजायचं.

रेघ ओढायची कुठं, हीच तर सगळी मेख. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की गरजेच्या सरासरीवर रेघ ओढणं चूक आहे. एकाच वयाच्या, एकच काम करणाऱ्या दोन धडधाकट माणसांची भूकही सारखी नसते. सगळे पोटभर जेवतात अशा गावातही जवळजवळ निम्मी माणसं सरासरीच्या खाली असणारच. त्यांना उपाशी कसं म्हणायचं? म्हणून रेघ सरासरीच्या बरीच खाली हवी, इतकी खाली की तिच्याखालचा माणूस बहुधा खरोखरच अर्धपोटी असेल. या हिशेबाने १९६१ साली त्यांनी सांगितलं, की जगात अन्न कमी पडणारी माणसं दहा ते पंधरा टक्के आहेत; सकस आहार न मिळणाऱ्यांना धरलं तर मात्र ही संख्या निम्म्या जगापर्यंत जाते. दोन तृतीयांशाचा बॉइड ऑर यांचा दावा बुधच्या सुखात्म्यांनी असा खाली आणला.

इकडे पुण्यात १९७१ च्या जानेवारीत गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. दांडेकर हेही संख्याशास्त्रज्ञ. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांना ते पुढच्या 'अनुशेषा'च्या समितीमुळे जास्त ठाऊक. या दोघांनी माणशी रोज २२५० उष्मांकांची रेघ धरली आणि विचारलं, एवढं अन्न ज्यांच्या ताटात पडतं त्यांचा महिन्याचा खर्च किती? १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्याच्या खाली खेड्यातली ४० टक्के माणसं आणि शहरातली ५० टक्के. या आकड्यांनी देश हादरला. पुढं १९७९ साली नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने खेड्याला २४०० आणि शहराला २१०० उष्मांक असं माप ठरवलं. म्हणजे पौड रस्त्याने चांदणी चौक ओलांडून भूगावच्या हद्दीत शिरलं की माणसाची गरज ३०० उष्मांकांनी वाढायची! कागदावर.

सुखात्मे रोमहून परतले ते पुण्यातच, आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. ही संस्था आणि गोखले संस्था एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. सुखात्म्यांनी दांडेकरांच्या रेघेवर हरकत घेतली: ही सरासरीची रेघ आहे, हिने उपाशी माणसांची संख्या फुगते. आता तर ते आणखी पुढं गेले. एकाच माणसाचा आहार आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होतो आणि शरीर मर्यादेत ते सावरून घेतं, असं ते मांडू लागले. दांडेकरांच्या बाजूचं उत्तरही तसंच तिखट होतं. गरज माणसागणिक वेगळी असेल, पण मग कमी भूक असलेली माणसं नेमकी गरिबांतच कशी सापडतात? श्रीमंतांत आणि गरिबांत ती सारखीच विखुरलेली हवीत. एका अख्ख्या वर्गाचं ताट सरासरीच्या खाली असेल, तर ती निसर्गाची विविधता नव्हे. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर हा वाद वर्षानुवर्षं चालला. भाषा सभ्य, पण कुणी मागं हटेना.

मला विचाराल तर संख्याशास्त्र म्हणून सुखात्म्यांचं पारडं जड होतं. माणसं ओळखण्यात दांडेकर पुढं होते. आषाढात मुळशीच्या खाचरांत दिवसभर वाकून भाताची लावणी करणारी बाई घ्या. ती कमी खात असेल, तर तिची गरज कमी आहे म्हणून, की लहानपणापासून कमी मिळाल्यामुळे तिचं शरीरच तेवढं राहिलं म्हणून? रोजच्या ताटाचा आकडा दोन्हींत फरक करू शकत नाही. याच सुमाराला एका अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 'लहान पण निरोगी' असा शब्दप्रयोग काढला: गरीब देशांतली बहुतेक ठेंगणी माणसं ठणठणीतच आहेत म्हणे. आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन त्यावर भडकले. खुजं राहणं हा जुळवून घेण्याचा मार्ग असेलही, पण त्याची किंमत अंगमेहनतीत आणि आजारपणात मोजावी लागते, असं त्यांनी बजावलं.

या मुद्द्याचा बराचसा निकाल लागला तो २००६ साली, तोही ताटाकडे न पाहता. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं जन्मापासून मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांमधली. नीट खायला-प्यायला मिळालं, आजारपणं टळली, तर पाच वर्षांपर्यंत या सहाही देशांतली मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं दिसलं. मग आपल्या मुलांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली पाच वर्षांखालच्या उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण भारतात ३५.५ टक्के निघालं. आणि दरडोई उत्पन्नात देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी पुढं असलेल्या आपल्या महाराष्ट्रात? ३५.२ टक्के! बांगलादेशात २०२२ च्या पाहणीत हेच प्रमाण २४ टक्के होतं. या आकड्यांत रोमचं गणित नाही. आपल्याच देशातल्या कार्यकर्त्यांनी मुलं उभी करून आणि आडवी निजवून घेतलेली मापं आहेत ही.

सुखात्म्यांचा एक मुद्दा मात्र या वादात फारसा कुणी कानावर घेतला नाही. ते सांगत, की नुसतं धान्य वाढवून भागणार नाही. पाणी शुद्ध नसेल, पोटात जंत असतील, जुलाब पाठ सोडत नसतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. आज मुलांची उंची का खुंटते याची कारणं शोधणारे संडास आणि पाण्याचा नळ यांच्यापाशी येऊन थांबतात, तेव्हा त्यांचं हे म्हणणं आठवतं.

दांडेकर १९९५ साली गेले, सुखात्मे १९९७ साली. रेघ पुढंही हलत राहिली. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचं जुनं माप सोडून दिलं, आणि शहरात आपल्या नव्या रेघेपाशी माणसं प्रत्यक्षात १८०० च्या आसपास उष्मांक घेतात आणि रोमच्या संघटनेचं मापही तेवढंच आहे, असा दाखला दिला. सुखात्मे आडवाटेने परत आले म्हणायचे! याच रेघेतून २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढं शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये हा आकडा गेला, आणि देशभर हसं झालं. २०२० साली तर रोमच्या संघटनेने चीनसह काही देशांच्या नव्या पाहण्या हिशेबात धरल्या. आदल्या वर्षीच्या अहवालात जगातले भुकेले ८२ कोटींवर होते, ते ६९ कोटींच्या घरात आले. तेरा कोटी माणसं कागदावरून उठून गेली. त्यांच्यातल्या कुणाच्याही ताटात एक भाकरी वाढली नव्हती.

आता या भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे लोकसंख्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने महाराष्ट्रातल्या खेड्यांतली ७६.३२ टक्के आणि शहरांतली ४५.३४ टक्के माणसं स्वस्त धान्याला पात्र ठरली. टक्के ठरले, पण कशाचे? २०११ च्या जनगणनेचे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती २०२७ साली, १ मार्च ही संदर्भ तारीख धरून करायचं जून २०२५ मध्ये जाहीर झालं. दरम्यान पुणे पश्चिमेला पसरत राहिलं. २०२१ साली बावधन बुद्रुक महापालिकेत आलं, भूगाव त्या यादीत नव्हतं. पण इमारती काही हद्द पाहून थांबत नाहीत. त्या इमारतींना विटा वाहणाऱ्या मजुरांचं रेशनकार्ड बहुधा मराठवाड्यातल्या नाहीतर परराज्यातल्या गावचं असतं. ते आता कुठंही चालतं, ही चांगलीच सोय झाली. पण ज्या मुलाचा जन्म इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये २०११ नंतर झाला, त्याला धरून कोटा अजून कुणी वाढवलेला नाही.