अफगाण चर्चच्या भिंतीवरची नावे

पूर्वी आमच्या दासगावातून मुंबईला जायचे तर बोट. सावित्रीतून बाणकोट, पुढे समुद्र. मुंबईच्या टोकाशी, कुलाब्यात, १९८ फुटी मनोऱ्याचे एक चर्च आहे. हा मनोरा जहाजांना खूण होता. चर्चचे नाव सेंट जॉन, पण लोक म्हणतात अफगाण चर्च.

१८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांचे हे स्मारक. पायाभरणी १८४७ ची. १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले, मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. हेन्री कोनिबेअरने आराखडा काढला तो इंग्लंडमधल्या जुन्या गावचर्चचा: टोकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या, वर निमुळता मनोरा. दगड मात्र इथलाच. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत.

वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या शिपायांविषयी फलक सांगतो, ते इतके होते की नावे लिहिणे शक्य नाही. मुंबई फौजेत आपल्या कोकणचे शिपाईही असत. आणि ज्यांच्या मुलखावर चढाई झाली त्या अफगाणांचे नाव चर्चला चिकटले. त्यांच्या मृतांबद्दल फलकावर अक्षर नाही.

मी मुलांना हे शिकवतो तेव्हा २००५ ची दरड आठवते. गेलेल्यांची नावे गावाने अजून तोंडपाठ ठेवली आहेत. 'फार होते' असे इथे कुणी म्हणत नाही. गावचर्चचा नुसता आराखडा आणला म्हणून गाव येत नाही.