मानसोल्लासातील गळ आणि गोदातीरचा भोई

ज्या समाजाचा इतिहास पोथ्यांत लिहिला गेला नाही, त्याने तो कोठे शोधावा? आपल्या भोई समाजापुरते उत्तर द्यावयाचे तर, त्याने तो आपल्या हातातील साधनांत शोधावा, असेच म्हणावे लागेल. पालखीचा दांडा, नावेचे वल्हे, जाळे आणि गळ हीच आपली बखर होय. त्यांपैकी गळासंबंधी चार शब्द येथे लिहावयाचे योजिले आहे.

निमित्त लहानसेच घडले. नोकरीसाठी कोकणात गेलेल्या एका तरुण ज्ञातिबंधूने विचारले, "समुद्रकिनाऱ्यावरून लांब गळ फेकावयाचा तर काठी, फिरकी व दोरी कशी निवडावी?" जालना जिल्ह्यास समुद्र नाही. परंतु दक्षिण सीमेवर गोदावरी, मध्ये दुधना आणि उत्तरेस पूर्णा असल्यामुळे हा प्रश्न आपल्यास परका नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे 1129 मध्ये 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आपला मराठवाडा त्या काळी चालुक्यांच्या छत्राखाली होता. या ग्रंथात पाच विंशती असून 'मत्स्यविनोद' या प्रकरणात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, आमिष, गळ, दोरी व काठी यांचा विचार आला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचा गळावरील विख्यात ग्रंथ 1653 चा, म्हणजे सुमारे सव्वापाचशे वर्षांनंतरचा होय.

राजास जो विनोद, तो आपल्या पूर्वजांस पोटाचा उद्योग होता. कोणता मासा कोणत्या आमिषास भुलतो, हे ज्ञान राजवाड्यात उपजले नसेल. ते पाण्यात उभे राहणाऱ्यांकडूनच ग्रंथात गेले असावे, असे अनुमान केल्यास अन्याय होणार नाही. ग्रंथावर नाव मात्र राजाचे राहिले.

वेळूच्या साध्या काठीस एक मर्यादा असते. दोरी तिच्या शेंड्यासच बांधलेली असल्यामुळे काठी व दोरी यांच्या लांबीपलीकडे गळ जात नाही. ही मर्यादा फिरकीने मोडली. बाराव्या शतकाच्या अखेरीच्या एका चिनी चित्रात फिरकी लावलेली काठी दिसते. पुढे 1905 मध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रज गिरणीमालकाने स्थिर रिळाच्या फिरकीचे पेटंट घेतले. सूतगिरणीत रीळ न फिरता त्याच्या कडेवरून सूत सुटते, त्याच तत्त्वावर ती चालते. 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले आणि ताग, अंबाडी, कापूस यांच्या दोऱ्या हळूहळू मागे पडल्या.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. किनाऱ्यासाठी काठी सुमारे बारा-तेरा फुटांची असावी, म्हणजे लाटेच्या डोक्यावरून दोरी उंच राहते. मुख्य दोरी बारीक असावी. जाड दोरीस वारा अधिक अडवितो आणि फेक आखूड पडते. मात्र फेकीचा झटका बारीक दोरीस सोसवत नाही. म्हणून टोकास काही हात जाड दोरी जोडावी. दर 1 औंस शिशास 10 पौंड ताणाचे बळ, हा तिचा सर्वमान्य हिशेब आहे. पाच औंसांचे वजन असेल, तर 50 पौंडांची दोरी हवी. येथे केलेला लोभ धोक्याचा ठरतो; तुटलेले शिसे गोळीसारखे सुटते व शेजारी उभ्या माणसास इजा करते. फिरकी खाऱ्या पाण्यास टिकणारी घ्यावी आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुवावी.

हे सर्व दुकानात विकत मिळते. पाण्याचा रंग पाहून मासा कोठे असेल हे ओळखणारी दृष्टी मात्र विकत मिळत नाही. 1976 मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले, गोदेचा प्रवाह बदलला आणि जुन्या डोहांची माहिती असलेली माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत. सोमेश्वराने आठशे नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी जे लिहवून घेतले, ते आपण आपल्या वडीलधाऱ्यांकडून अद्याप लिहून घेतलेले नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस नम्र विनंती अशी की, घरातील वृद्धांजवळ बसावे आणि डोहांची, माशांची व गाठींची नावे वहीत उतरवून घ्यावी. पुढील ग्रंथावर तरी नाव आपल्या वडिलांचे असो.