फीड पंप: खंबाटकीच्या घाटातून किर्लोस्करवाडीच्या माळावर

गेल्या पावसाळ्यात खंबाटकीच्या घाटात मामांच्या ट्रकनं दम टाकला, त्यातून आजचा भाग निघाला. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप इथं देतोय. बोलताना झालेल्या चुका थोड्या दुरुस्त केल्यात, बाकी तसंच ठेवलंय.

मामा पलूसचे. एकच ट्रक, तोही जुना, आणि त्याच्यावरच घर चालतं. पुण्याहून पाइपांचा माल भरून आम्ही सांगलीला निघालो होतो. मी केबिनमध्ये गंमत म्हणून बसलेलो. सपाट रस्त्यावर गाडी ठीक होती. घाट लागला, मामांनी गिअर उतरवला, ॲक्सिलेटर दाबला, आणि इंजिन धाप लागल्यासारखं करायला लागलं. मग बंदच. मागं वाहनांची रांग, वर पाऊस. मामा खाली उतरले, इंजिनच्या बाजूला एक छोटी मूठ होती ती वर-खाली करत राहिले, एक नट ढिला करून फेस काढला, परत आवळला. गाडी चालू झाली. दोन वळणं गेली की परत तेच.

मी विचारलं, "मामा, काय झालं?"

"फीड पंप गेलाय बहुतेक. हवा घेतीय. माल सकाळपर्यंत पोचला नाही तर भाड्यातनं पैसे कापणार बघ."

त्या भाड्यातनं इन्शुरन्सचा हप्ता भरायचा होता. त्यामुळं पुढचा प्रश्न इंजिनाचा राहिला नाही, खिशाचा झाला. परवडणारा फीड पंप कुठं मिळेल?

आधी हा पंप करतो काय?

सांगली-साताऱ्याकडच्या पोरांना हे समजवायला सोपं आहे, कारण आपल्या विहिरीवर हेच असतं. मोटार पाणी ओढते. पण फूटव्हॉल्व गळका असला किंवा पाइपाला बारीक भोक असलं की ती हवा धरते आणि पाणी सोडते. मग आपण वरून पाणी ओतून प्रायमिंग करतो. ट्रकमध्ये अगदी तसंच. डिझेलची टाकी चासीला खाली लटकलेली, इंजिन वर. टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरमधून मोठ्या पंपापर्यंत पोचवायचं काम या छोट्या फीड पंपाचं. आत एक प्लंजर, एक स्प्रिंग आणि दोन व्हॉल्व, बस. मोठ्या पंपाच्या कॅमवर त्याचा रोलर फिरतो आणि एक-दोन बार दाबानं डिझेल पुढं ढकललं जातं. मामा जी मूठ हलवत होते तो हातपंप, म्हणजे आपलं प्रायमिंग.

त्याच्या पुढचा मोठा पंप नोझलमधून शेकडो बारच्या दाबानं डिझेल सिलिंडरमध्ये मारतो. पण त्याच्यापर्यंत डिझेल पोचलंच नाही, तर तो कितीही भारी असून काय उपयोग?

कसेबसे साताऱ्याला पोचलो. पहिल्या दुकानात प्रश्न आला, "ओरिजनल पायजे का लोकल?" ओरिजनलचा भाव ऐकून मामा गप्प झाले. लोकल त्याच्या निम्म्याहून स्वस्त, डब्यावर कंपनीचं नाव नाही. मामांनी लोकल घेतला, फूटपाथवरच बसवला आणि निघालो. कराड ओलांडलं आणि पेठ नाक्याच्या अलीकडं गाडीनं परत दम टाकला. नवा पंप बसवून चार तासही झाले नव्हते.

हातानं पंप मारत मारत पहाटे सांगलीत आलो. तिथं मामांच्या ओळखीचे एक पंप-नोझलवाले मिस्त्री आहेत. त्यांनी जुना पंप टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझ्या गुरूनं मला पहिल्यांदा उघडायला दिला होता तो हाच. तेव्हापासून बदललाच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. जगातली एवढी मोठी यंत्रं, आणि त्यातला एक पार्ट सांगलीच्या गल्लीत टेबलावर उघडून दुरुस्त होतो. हे आपोआप झालेलं नाही. चला, मागं जाऊ.

डिझेल रस्त्यावर कसं आलं

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नीट चाललं. पण ते घराएवढं. त्यात इंधन फवारायला दाबाखालची हवा लागायची, म्हणजे इंजिनासोबत एक कॉम्प्रेसरही आला. कारखान्यात, जहाजात ते चालून गेलं. ट्रकवर कसं लादणार? ही अडचण सुटली ती छोट्या, अचूक पंपामुळं. रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल ट्रक जगभर पसरायला लागले. टाकी खाली आणि इंजिन वर, म्हणून मोठ्या पंपाच्या कुशीत फीड पंपही आला.

आता तोच काळ आपल्याकडं बघा.

एक नांगर, एक ओसाड माळ

तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ मध्ये सातारा तोडून दक्षिण सातारा जिल्हा केला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. त्याआधी या भागात संस्थानांचे तुकडे पसरलेले होते. त्यातलंच एक औंध. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात, पण त्या संस्थानातलं कुंडल आज सांगलीत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकायचे, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला लागले. बेळगाव नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि कर्ज दिलं. निवडुंगाचा माळ होता तो. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. मामांच्या पलूसपासून अगदी जवळ.

लोखंडी नांगराला शेतकरी सुरुवातीला हात लावत नव्हते. लोखंडानं जमीन नासते, अशी भीती. पण मला वाटतं, त्या भीतीच्या आत एक शहाणा प्रश्नही असणार. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आहे. लोखंडी मोडला तर? परदेशी नांगर घेतला आणि फाळ झिजला, तर तो आणायचा कुठून? कारखाना जवळ असेल तर फाळ मिळतो. वस्तू परवडते ती तिच्या पहिल्या किमतीमुळं नाही, मोडल्यावर काय होतं त्यामुळं. मामांचा प्रश्नही तोच होता.

इकडं साताऱ्यात धनजीशा कूपर. पारशी उद्योजक आणि राजकारणी. १९३७ मध्ये काही महिने ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणायचे. त्यांच्या साताऱ्याच्या कारखान्यानंही नांगरापासून सुरुवात केली आणि भारतातली अगदी सुरुवातीची डिझेल इंजिनं केली. म्हणजे नांगर ओतणारी भट्टी आणि डिझेल इंजिन ओतणारी भट्टी एकाच अंगणात.

पुढं १९४६ मध्ये किर्लोस्करांनी पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा वेगळा कारखाना काढला. गावोगाव विहिरींवर डिझेल इंजिनं धडधडायला लागली. पाणी साधारण सात मीटरपेक्षा खालून ओढता येत नाही, म्हणून लोक विहिरीत टप्पा खोदून इंजिन-पंप खाली बसवायचे. आजोबांना विचारा, सांगतील. आणि इंजिन शेतात म्हटल्यावर ते बिघडणारही शेतात. मग हवा काढणं, नोझल साफ करणं, व्हॉल्व घासणं हे गावातल्या पोरांनी शिकून घेतलं. माझं मत असं, की आपल्याकडच्या ट्रक मिस्त्रींची खरी शाळा या विहिरींवर भरली.

ट्रक आला, आणि बदललाच नाही

१९५१ मध्ये बेंगळुरूला मोटार इंडस्ट्रीज कंपनी सुरू झाली, म्हणजे मायको. बॉशच्या सहकार्यानं ती भारतातच इंजेक्शनची सामग्री बनवायला लागली. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांनी डाइमलर-बेंझच्या साथीनं डिझेल ट्रक काढले. तो करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा तारा गेला आणि टी आला.

तो परमिटचा जमाना. परकीय चलन मोजून मिळायचं, बाहेरून पार्ट आणणं म्हणजे दिव्य. नवा ट्रक नंबर लावून घ्यायचा. त्या काळाला आपण शिव्या देतो, बऱ्याच योग्यही आहेत. पण त्याचा एक उलटा परिणाम झाला. इंजिनांची घडण कित्येक वर्षं फारशी हलली नाही. तोच पंप ट्रकला, त्याचाच भाऊ ट्रॅक्टरला. एकच पार्ट लाखो गाड्यांना लागत असेल तर छोटा कारखानदारही तो काढतो, दुकानदार साठा ठेवतो, मिस्त्री डोळे झाकून उघडतो. स्वस्ताई अशी येते.

अर्थात त्याच वाटेनं डब्यावर नाव नसलेला पंपही येतो.

टेबलावर काय सापडलं

मिस्त्रींनी आधी पंपाला हातच लावला नाही. डिझेलचा कॅन बोनेटच्या उंचीवर टांगला, पारदर्शक नळीनं थेट फीड पंपाला जोडला आणि गाडी चालू केली. साताऱ्याचा पंप तसाच ठेवून. गाडी अर्धा तास मस्त चालली, रेस दिली तरी दम नाही टाकला. मग नळी परत टाकीच्या लाइनला लावली. पाचव्या मिनिटाला नळीतून बुडबुडे यायला लागले.

"पंप नाही ओ. पाइप."

टाकीजवळचा रबरी पाइप क्लिपखाली तडकला होता. बाहेर एक थेंब नाही, कारण त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. तिथनं डिझेल गळत नाही, हवा आत जाते. म्हणून कुणाला दिसलंच नाही.

मग त्यांनी जुना पंप खोलला. व्हॉल्व थोडे बसले होते, स्प्रिंग थकली होती. प्लंजर चांगला. व्हॉल्व, स्प्रिंग, वायसर बदलून, तडकलेला पाइप काढून, मजुरीसकट जे बिल झालं ते साताऱ्याच्या लोकल पंपापेक्षाही कमी होतं. मामा बराच वेळ त्या नव्या डब्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "असू दे, स्पेअरला राहील."

भाड्यातनं पैसे कापलेच. पोचायला दुपार झाली.

ज्यांच्या घरी जुनी गाडी किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. पंप घेण्याआधी टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप, क्लिप आणि जाळी बघा. कॅन टांगून चालवून बघा. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर मात्र प्लंजर झिजलेला असू शकतो. मग कीटवर भागणार नाही, पंपच बदला.

आणि पुढं?

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झालं. नव्या ट्रकांत कॉमन रेल आहे. दाब हजार बारच्या पुढं, नोझलची भोकं अगदी बारीक, कारभार सेन्सरच्या हातात. हवा स्वच्छ व्हायला हे हवंच होतं, घाटात काळा धूर खाल्लेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पण तिथं फूटपाथवर लोकल पंप बसवला आणि त्यातनं एक कण पुढं गेला, तर सगळी नोझलं जातील. टेबल, चष्मा आणि पाना पुरणार नाही, लॅपटॉप लागेल.

गंमत म्हणजे इंजिनं आजही इथंच होतात. साताऱ्यात कूपर आहे, फलटणला कमिन्सचा मोठा कारखाना आहे. आणि कमिन्स भारतात आली ती १९६२ मध्ये, पुण्यात, किर्लोस्करांचा हात धरून. बनवायचं कसब या भागातनं गेलेलं नाही. प्रश्न दुरुस्तीच्या कसबाचा आहे.

मी मिस्त्रींना विचारलं, नव्या गाड्या घेता का? म्हणाले, "पोरगं शिकतंय मशिनवर. मी हे बघतो, तो ते बघंल." पोरगं कोपऱ्यात बसलं होतं, हातात मोबाईल, कानात हेडफोन. कदाचित हा भाग ऐकेलही.

तर मंडळी, आज इथंच थांबू. तुमच्या घरी विहिरीवरच्या इंजिनाची किंवा ट्रकच्या बिघाडाची गोष्ट असेल तर आजोबांच्या, मामांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. पार्ट परत मिळतो, तो उघडणारा माणूस मिळेलच असं नाही. भेटू पुढच्या भागात.