बेचाळीस धावांनंतरचे दिवस

औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत खेळाडूंची मराठी चरित्रे चाळताना एक गोष्ट वारंवार जाणवते. त्यांत गुडघा दुखतो, खांदा निखळतो. मन मात्र कधी आजारी पडत नाही. फार तर ते ‘खचते’, आणि पुढच्याच परिच्छेदात जिद्दीने उभे राहते.

युरोपातील फुटबॉलनेही हे मौन दीर्घकाळ पाळले. जर्मन गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने १० नोव्हेंबर २००९ रोजी, ऐन हंगामात, आपले जीवन संपवले. तो अनेक वर्षे नैराश्याशी झगडत होता, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने पत्रकारांना सांगितले, तेव्हा जगाला कळले. पुढे २०१५ साली फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने ६०७ खेळत्या व्यावसायिकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ३८ टक्क्यांनी नैराश्याची वा चिंताविकाराची लक्षणे सांगितली होती.

महाराष्ट्रात खेळाडूवर लोकांचा इतका भार पडला तो फुटबॉलमध्ये नव्हे, क्रिकेटमध्ये. त्यामुळे आपल्याकडचे उदाहरण शोधायचे तर अजित वाडेकरांपाशी यावे लागते.

१९७१ साली त्यांच्या संघाने प्रथम वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. इंदूरमध्ये त्या विजयाप्रीत्यर्थ काँक्रीटची प्रचंड बॅट उभारण्यात आली. तीन वर्षांनी, २४ जून १९७४ रोजी, लॉर्ड्सवर त्याच कर्णधाराचा संघ १७ षटकांत ४२ धावांत गारद झाला. एकनाथ सोळकर १८ धावांवर नाबाद राहिले; चंद्रशेखर जखमी असल्याने फलंदाजीला आलेच नाहीत. मालिका ३-० अशी गेली. मग वाडेकरांच्या मुंबईतील घरावर दगड आले आणि इंदूरच्या बॅटला काळे फासले गेले. लोकांचा राग समजू शकतो, कारण तो बेभान असतो. पण दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाने आपल्याच कर्णधाराला वगळले, ते शांत डोक्याने, बैठकीत बसून! मला दगडांपेक्षा हा निर्णय अधिक क्रूर वाटतो. वाडेकरांनी निवृत्ती पत्करली. वय अवघे ३३.

वाडेकरांना नैराश्य होते, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. तसा पुरावा नाही आणि मृत व्यक्तीचे निदान करणे हा इतिहासकाराचा अधिकारही नव्हे. प्रश्न निराळा आहे. त्या उन्हाळ्यातील प्रत्येक चेंडूची नोंद धावफलकाच्या वहीत आहे. पण परतीच्या प्रवासात, दगड पडलेल्या घरात, संघाची यादी वाचताना त्या माणसाचे काय झाले, हे विचारण्याची भाषाच तेव्हा आपल्या क्रीडालेखनाकडे नव्हती. ‘पानिपत’, ‘शरणागती’, ‘लाज’ हे शब्द मात्र मुबलक होते. ते सारे रणांगणावरून आणलेले, आणि रणांगणावर पराभूत सेनापतीची चौकशी होते, विचारपूस होत नाही.

एक गोष्ट मात्र आजच्या तुलनेत त्यांच्या बाजूची होती. वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. सामना हरला तरी सोमवारी जायला एक टेबल होते, आणि तिथे ते केवळ पराभूत कर्णधार नव्हते. आजच्या क्लब फुटबॉलपटूला खेळाखेरीज दुसरी ओळख क्वचितच उरते. गंभीर दुखापत झाली की तीही जाते. १९९० च्या दशकात वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले. त्या काळात हरलेल्या खेळाडूंशी ते काय बोलत असतील, ते कोणत्याही धावफलकात नाही.