डिस्क वाचत नाही, तेव्हा…

डेव्हन ॲव्हेन्यूवर १९७४ साली पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं, तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांची शनिवारची चक्कर तिथे ठरलेली. परवा पिशव्या गाडीत टाकून मी चहाला बसलो होतो. शेजारी एक निवृत्त काका होते. मी आयटीत आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "डिस्क वाचत नाही. आधी काय बदलशील?"

मी म्हणालो, "डिस्क."

काका हसले. "मग दुसरीही डिस्क घालवशील!"

ते ज्या यंत्राबद्दल बोलत होते ते होतं पीडीपी-११. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने हा मिनीकॉम्प्युटर १९७० मध्ये आणला. त्याची आरके०५ डिस्क १४ इंची, म्हणजे जेवणाच्या ताटाहून मोठी, आणि मावायचं किती? जेमतेम अडीच मेगाबाइट. हेड घासून खराब झालं असेल तर ते चांगली डिस्कही ओरबाडतं, आणि ती डिस्क पुढच्या ड्राइव्हचं हेड बिघडवते. म्हणून आधी हेड तपासायचं, मग पुढे जायचं.

डिस्क आणि स्मृती यांच्या मध्ये बसतो कंट्रोलर, आरके११. एक कंट्रोलर आठ ड्राइव्ह सांभाळायचा. एकच ड्राइव्ह रुसला तर संशय ड्राइव्हवर. सगळे एकदम रुसले तर कंट्रोलरवर. मग समोरच्या पॅनेलवरचे स्विच लावून चुकांचं रजिस्टर वाचायचं. त्याचा पत्ता ७७७४०२, अष्टमान पद्धतीतला. १ क्रमांकाचा बिट लागला असेल तर बेरजेची पडताळणी चुकली, म्हणजे वाचलेलंच खराब. ९ क्रमांकाचा लागला असेल तर 'डेटा उशिरा': वाचलं ठीक, पण स्मृतीत वेळेवर पोचलं नाही.

का पोचलं नाही? इथे खरी गंमत आहे. कंट्रोलरला स्मृतीपर्यंत जायला परवानगी लागते, आणि ती परवानगी पंगतीतल्या पत्रावळीसारखी एका खाचेतून पुढच्या खाचेत हातोहात जाते. मधली खाच रिकामी असेल तर तिथे ती पुढे सरकवणारी जोडणी हवी: एखादं छोटं कार्ड किंवा तारेचा तुकडा. कुणी बोर्ड काढला आणि जोडणी करायला विसरला, की पुढच्यांची पत्रावळ थांबली. कंट्रोलर निर्दोष, डिस्क निर्दोष, आणि यंत्र बंद! मी एमबीएवाला, स्लाइडवर 'मूळ कारण' असं ठळक लिहितो. पण ते असं शोधतात, हे मला त्या चहावर कळलं.

ही विद्या आपल्याकडे परकी नव्हती. मुंबईत टीआयएफआरने टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू केला. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा १२ बिटांचा मिनीकॉम्प्युटर तयार झाला. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला कारभार आवरला, तेव्हा त्यांच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. बाहेरून सुटा भाग मागवायचा तर परकीय चलनाचा प्रश्न. म्हणून मीटर आणि सोल्डरिंग आयर्न हाताशी घेऊन नेमकी बिघडलेली चिप शोधायची.

त्या यंत्रांवर काम केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. काही पुण्यात, नाशकात. काही इथेच, डेव्हनवर आपल्या पुढे बिलाच्या रांगेत. यंत्र बनवणारी कंपनीही राहिली नाही. १९९८ मध्ये ती कॉम्पॅकने विकत घेतली. छापील माहितीपुस्तिका अजून सापडतात. 'आधी हेड बघ' हे मात्र कुणीतरी सांगावंच लागतं.

तेव्हा या रविवारी फोन कराल तेव्हा "जेवलात का?" याच्यापुढे एक प्रश्न जास्त विचारा: "बाबा, काका, आत्या, तुमच्या वेळी कोणतं यंत्र होतं? ते बंद पडलं की काय करायचात?" आणि फोनवरचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. मुलांनाही शेजारी बसवा. मधल्या खाचेत आता आपण आहोत. फार काही करायचं नाही, आलेलं पुढे द्यायचं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!